बटणांचा कीबोर्ड की स्क्रीनवरचा: बोटाला काय कळतं, सॉफ्टवेअरला काय कळतं

प्रश्न असा आहे: "पूर्वी बटणांच्या फोनवर मी न बघता टाइप करायचो. आता स्क्रीन एवढी मोठी आहे, तरी एका ओळीत दोन-तीन चुका होतात आणि माणसांची नावं तर हमखास बदलून जातात. बटणं खरंच चांगली होती की मला त्यांची फक्त सवय होती? आणि आता पुन्हा बटणांचा फोन किंवा वेगळा कीबोर्ड घेण्यात अर्थ आहे का?"

आधी थेट उत्तर देते. हा नुसता सवयीचा प्रश्न नाही. बटणं तुम्हाला जे देत होती, ते स्क्रीन आजही देत नाही. पण स्क्रीन जे देते तेही बटणांना कधी जमलं नसतं. तेव्हा वेगळा कीबोर्ड घ्यायचा की नाही, हे तुम्ही दिवसभर काय लिहिता यावर ठरवा. मी बरीच वर्षं फोनच्या कीबोर्डचं सॉफ्टवेअर तयार करण्याच्या आणि तपासण्याच्या कामात आहे. लोक टाइप करतात तेव्हा अंगठा नेमका कुठे टेकतो, कधी उचलला जातो आणि नजर कुठे जाते, हे बघणं हाच माझा रोजचा उद्योग. म्हणून जरा खोलात जाऊन सांगते.

बटणावर बोट ठेवणं आणि बटण दाबणं या दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत. सगळा फरक इथून सुरू होतो. फोनच्या बटणाखाली एक लहानशी लवचीक घुमटी असते. तुम्ही हलका भार दिलात तर काहीच होत नाही. भार एका मर्यादेपलीकडे गेला की घुमटी खटकन खाली बसते आणि खालचा संपर्क जुळतो. म्हणजे अंगठा बटणांवर विसावू शकतो, कडा चाचपू शकतो, शेजारच्या बटणावर सरकू शकतो आणि योग्य जागी आल्याची खात्री पटल्यावरच दाबतो. जुन्या फोनच्या पाच आकड्याच्या बटणावर किंवा संगणकाच्या एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो या चाचपण्यासाठीच. २००८ मध्ये आलेल्या ब्लॅकबेरी बोल्डच्या कीबोर्डवर बटणांच्या ओळींमध्ये धातूच्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक बटणाला उतार दिलेला होता. तो उतार दिसायला सुंदर होता, पण त्याचं खरं काम अंगठ्याला जागा कळवणं हे होतं.

काचेवर ही पहिली पायरीच नाही. स्क्रीनच्या आत विद्युतवाहक रेषांची जाळी असते. बोट टेकलं की त्या जागची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि फोनच्या दृष्टीने स्पर्श झाला. तुम्ही नुसतं टेकलात की ठरवून दाबलंत, हे त्या जाळीला वेगळं कळत नाही. त्यामुळे अंगठा काचेवर विसावू शकत नाही, तो सतत अधांतरी धरावा लागतो. आणि चाचपून जागा शोधता येत नाही म्हटल्यावर ते काम डोळ्यांवर येतं. नजर आधी कीबोर्डवर, मग वर मजकुराकडे, मग पुन्हा खाली. तुम्हाला जे गमावल्यासारखं वाटतं ते हेच आहे. बटणांच्या फोनवर डोळे मोकळे होते.

थरथर चालू केली की ही उणीव भरून निघते, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. अँड्रॉइड फोनांवर ही सोय फार पूर्वीपासून आहे, आयफोनच्या स्वतःच्या कीबोर्डवर ती २०२२ मध्ये आयओएस १६ सोबत आली. थरथरीमुळे अक्षर उमटल्याचं कळतं, पण ते उमटून गेल्यावर. आणि कोणतं अक्षर उमटलं हे तिला सांगता येत नाही, कारण 'क' दाबा की 'त' दाबा, थरथर सारखीच असते. बटणाची कड हीच माहिती दाबण्याच्या आधी देते. ब्लॅकबेरीने २००८ मध्येच स्टॉर्म नावाच्या फोनमध्ये वेगळा मार्ग धरून पाहिला होता. त्याची अख्खी स्क्रीनच बटणासारखी दाबली जायची, खटका अगदी खरा होता. पण संपूर्ण काच एकाच बटणावर बसवलेली असल्यामुळे एक अंगठा उचलेपर्यंत दुसऱ्याला नीट दाबता येत नसे आणि दोन अंगठ्यांनी भरभर लिहिणाऱ्याची लय तुटायची. खटका परत आणला, पण कडा नव्हत्या त्या नव्हत्याच.

आता चुकांकडे येऊ. पहिला आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा त्याच्या उभ्या स्क्रीनची रुंदी ३२० पॉइंट होती (पॉइंट हे स्क्रीनवरची मापं मोजण्याचं एकक). वरच्या ओळीत दहा अक्षरं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३२ पॉइंट, मोजपट्टीवर जेमतेम ५ मिलिमीटर. बोटाने दाबायची कुठलीही गोष्ट किमान ४४ पॉइंटांची असावी, हा अ‍ॅपलनेच अ‍ॅप बनवणाऱ्यांना घालून दिलेला दंडक आहे. कीबोर्डमधलं अक्षर त्यात कधीच बसलं नाही. आजच्या फोनांच्या स्क्रीन रुंद झाल्या आहेत, तरी अक्षराची रुंदी ६-७ मिलिमीटरच्या आसपासच राहते, आणि अंगठ्याचा ठसा त्याहून बराच मोठा असतो.

त्यात आणखी एक गोम आहे. आपण नेम धरतो तो बोटाच्या वरच्या भागाकडे, नखाकडे बघून. काचेला मात्र बोटाचा खालचा, न दिसणारा भाग टेकतो. क्रिस्टियन होल्झ आणि पॅट्रिक बाउडिश या संशोधकांनी २०१० च्या सुमारास हे प्रयोगांनी दाखवून दिलं. स्पर्शाची चूक केवळ बोट जाड असल्यामुळे होत नाही. बोट कोणत्या कोनात धरलंय त्यानुसार स्पर्शाची जागा ठरावीक दिशेला सरकते, आणि ही सरक माणसागणिक वेगळी असते. चूक एकाच दिशेला होत असेल तर ती आधीच हिशोबात धरता येते. म्हणूनच चांगले कीबोर्ड तुमचा स्पर्श जिथे नोंदला गेला तिथेच मानत नाहीत, थोडा सरकवून घेतात. एका हातात फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने लिहिताना आणि फोन टेबलावर ठेवून तर्जनीने लिहिताना ही सरक बदलते. दिवसातल्या एका वेळी टायपिंग छान होतं आणि दुसऱ्या वेळी बिघडतं, त्यामागे बऱ्याचदा फोन धरण्याची पद्धत असते.

आणि मग येतो अंदाज. स्क्रीनवरच्या कीबोर्डचा खरा गाभा तोच आहे. एक उदाहरण बारकाईने बघू. देवनागरीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत 'क' आणि 'त' एकमेकांना चिकटून आहेत. तुम्ही 'तू' लिहिलंत, जागा सोडलीत आणि पुढचा अंगठा 'क' आणि 'त' यांच्या सीमेवर टेकला, किंचित 'त'च्या बाजूला. मग 'स' आणि काना. उमटलं 'तसा'. 'तसा' हा चांगला शब्द आहे, शब्दकोशात तो सापडतो, त्यामुळे नुसता शब्दकोश बघणारं सॉफ्टवेअर इथे गप्प बसेल. त्याहून हुशार सॉफ्टवेअर दोन प्रश्न एकत्र विचारतं. स्पर्शाची जागा बघता 'क' असण्याची शक्यता किती? आणि 'तू' नंतर 'कसा' येण्याची शक्यता 'तसा'च्या तुलनेत किती? दोन्ही शक्यतांचा गुणाकार करून जे वरचढ ठरेल ते पुढे ठेवतं. पुढे तुम्ही 'आहेस' लिहिलंत तर त्याचा अंदाज पक्का होतो आणि काही कीबोर्ड मागे जाऊन शब्द बदलतात. बटणांच्या कीबोर्डवर हा प्रसंगच येत नाही. तिथे 'क' दाबलं की 'क'.

पहिल्या आयफोनचा कीबोर्ड केन कोसिएंडा या अभियंत्याने लिहिला. त्या कीबोर्डपासून रूढ झालेली एक युक्ती वापरणाऱ्याला कधीच दिसत नाही. आधीची अक्षरं बघून पुढे कोणतं अक्षर येण्याचा संभव आहे हे कीबोर्ड ठरवतो आणि त्या अक्षराचं स्पर्शक्षेत्र आतल्या आत वाढवतो. चित्रात चौकोन तेवढाच राहतो. म्हणजे नेहमीचे शब्द लिहिताना तुमचा नेम थोडा चुकला तरी सांभाळून घेतलं जातं, आणि अनोळखी शब्द लिहिताना नेम बरोबर असूनही शेजारचं अक्षर बाजी मारू शकतं. तुमच्या ओळखीच्या माणसांची नावं बदलतात ती अशी. आडनाव, गावाचं नाव, औषधाचं नाव, बोलीतला शब्द, या सगळ्यांना अंदाज करणारं सॉफ्टवेअर परकं समजतं.

पासवर्ड टाकताना चुका जास्त होतात, असं बहुतेकांना जाणवतं. त्याचं कारणही हेच. पासवर्डच्या रकान्यात दुरुस्ती बंद असते, सूचना बंद असतात. तिथे तुमच्या अंगठ्याचा खरा, बिनआधाराचा नेम उघडा पडतो. टाइप केलेलं ठिपक्यांआड गेल्यामुळे तपासताही येत नाही. डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड उघडा करून लिहा, आजूबाजूला कोणी नसेल तर त्यात काही धोका नाही.

अंदाजाची सुरुवात स्क्रीनपासून झाली नाही, हेही सांगायला हवं. बारा बटणांच्या फोनवरची टी-नाइन पद्धत हा अंदाजच होता. एका बटणावर तीन-चार अक्षरं, तुम्ही प्रत्येक बटण एकदाच दाबायचं आणि शब्द फोनने ओळखायचा. ती बनवणाऱ्यांपैकी क्लिफ कुशलर यांनीच पुढे स्वाइप या कीबोर्डची कल्पना मांडली. बोट न उचलता अक्षरांवरून रेघ ओढायची, शब्द कीबोर्डने ओळखायचा. २००९ मध्ये सॅमसंगच्या ओम्निया २ या फोनवर तो पहिल्यांदा आला. त्याआधीच आयबीएमच्या प्रयोगशाळेत शुमिन झाय आणि पेर ओला क्रिस्टेनसन यांनी याच दिशेने मूलभूत काम केलं होतं. रेघ ओढून लिहिणं ही गोष्ट बटणांवर शक्यच नाही, आणि एका हाताने लिहिणाऱ्यासाठी ती आजही माझी पहिली शिफारस असते. तुमच्या भाषेसाठी ही सोय आहे का, ते मात्र आधी बघून घ्या.

वेगाचं काय? २०१९ मध्ये आल्टो, केंब्रिज आणि ईटीएच झुरिक या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ३७ हजार स्वयंसेवकांच्या फोनवरच्या टायपिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वेग मिनिटाला साधारण ३६ शब्द निघाला, दोन अंगठ्यांनी लिहिणाऱ्यांचा ३८. संगणकाच्या कीबोर्डवर अशाच मोठ्या अभ्यासात सरासरी ५२ च्या आसपास होती. म्हणजे अंतर आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. आपोआप दुरुस्ती वापरणारे लोक वेगवान होते, पण वरच्या पट्टीतले सुचवलेले शब्द निवडत बसणारे उलट संथ होते. कारण सोपं आहे. सूचना वाचायला नजर वर जाते, तीन शब्दांतून योग्य तो शोधावा लागतो, मग अंगठा तिथे न्यावा लागतो. एवढ्या वेळात सरावलेल्या माणसाचा छोटा शब्द लिहून झालेला असतो. लांबलचक शब्दाला सूचना घ्या, 'आणि', 'पण', 'आहे' यांच्यासाठी वर बघू नका.

हे आकडे मात्र इंग्रजी मजकुराचे आहेत हे लक्षात ठेवा. आपल्याकडे 'घर' या एका शब्दाचे घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनाही असे फाटे फुटतात. शब्दकोशात एकेक रूप भरून ठेवणारं सॉफ्टवेअर इथे कमी पडतं आणि बरोबर लिहिलेल्या रूपाला चूक समजून बदलतं. मराठीत आपोआप दुरुस्ती त्रास देत असेल तर ती फक्त मराठीपुरती बंद ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. इंग्रजीला ती राहू द्या.

लिपीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण बटणं विरुद्ध स्क्रीन या वादात हा मुद्दा फार कमी वेळा येतो आणि माझ्या मते तोच सर्वांत निर्णायक आहे. बटणावर अक्षर एकदा छापलं की ते कायमचं. त्यामुळे फ्रान्ससाठी एक कीबोर्ड, जर्मनीसाठी दुसरा, प्रत्येक भाषेसाठी वेगळा साचा आणि वेगळा साठा. स्क्रीनवर तोच फोन कुठल्याही लिपीत लिहितो, आणि लिहिता लिहिता मांडणी बदलूही शकतो. जपानी लोक बारा मोठ्या चौकोनांवर बोट टेकवून चार दिशांना झटका देतात आणि त्यांची अख्खी अक्षरमाला त्यात बसते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेला स्वरचक्र कीबोर्डही याच जातीचा. व्यंजनावर बोट टेकलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु असं बाराखडीचं चक्र उमलतं, हव्या त्या पाकळीकडे बोट सरकवायचं आणि सोडायचं. छापील बटणाला हे कसं जमणार?

आता याची दुसरी बाजू. बटणं असलेल्या फोनवर सहसा सव्वीस अक्षरांची बटणं आणि थोडी जोडबटणं असतात. इनस्क्रिप्ट मांडणी संगणकाच्या पूर्ण कीबोर्डसाठी आखलेली आहे. तिच्यात 'च' अर्धविरामाच्या बटणावर आहे, 'ट' अवतरणचिन्हाच्या, 'ड' चौकटी कंसाच्या आणि 'य' तिरप्या रेघेच्या. ही चारही बटणं छोट्या कीबोर्डवर नसतात. मराठीत 'च' आणि 'य' शिवाय एक वाक्य तरी लिहून दाखवा! मग दुसऱ्या एखाद्या बटणासोबत जोडी लावावी लागते किंवा रोमन अक्षरांतून मराठी लिहावं लागतं. रोमनमधून लिहिताना 'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन्हींसाठी बहुतेक जण एकसारखीच अक्षरं टाइप करतात आणि कोणता शब्द उमटेल ते सॉफ्टवेअरच्या अंदाजावर सोडतात. म्हणजे ज्या खात्रीसाठी बटणं घेतली ती खात्रीच गेली. इनस्क्रिप्टमध्ये मात्र साधा 'र' आणि शिफ्टसकट 'ऱ', एवढ्या एका फरकाने दोन्ही शब्द वेगळे आणि नेमके लिहिता येतात. तेव्हा मराठीत भरपूर लिहिणाऱ्याला मी छोट्या बटणांचा फोन सुचवत नाही. पूर्ण आकाराचा ब्लूटूथ कीबोर्ड सुचवते.

बटणं का गेली, याची बाकीची कारणं तुम्हाला ठाऊक असतील. स्टीव्ह जॉब्स यांनी ९ जानेवारी २००७ रोजी आयफोन दाखवताना हाच मुद्दा मांडला होता की प्लॅस्टिकची बटणं गरज असो वा नसो, कायम समोर असतात. नकाशा, व्हिडिओ, फोटो या सगळ्यांना ती जागा हवी होती. पहिल्या अँड्रॉइड फोनला, २००८ च्या एचटीसी ड्रीमला, सरकून बाहेर येणारा कीबोर्ड होता. पण सरकणाऱ्या भागामुळे जाडी वाढते, धूळ आणि पाणी आत जायला वाट मिळते, खर्चही वाढतो. याशिवाय एक कारण आमच्या व्यवसायातल्या लोकांना जास्त जाणवतं. बटणांचा कीबोर्ड विकला त्या दिवशी जसा होता तसाच राहतो, झिजला तर वाईटच होतो. स्क्रीनवरचा कीबोर्ड सुधारत जातो. आयओएस १७ मध्ये, २०२३ साली, आयफोनची दुरुस्ती नव्या भाषा-मॉडेलवर, म्हणजे पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, गेली आणि जुन्याच फोनवर लोकांना फरक दिसला.

एका वाचकवर्गाबद्दल स्वतंत्रपणे लिहायलाच हवं. दृष्टिहीन व्यक्तींसाठी गुळगुळीत काच ही सुरुवातीला भिंतच होती. बटणं बोटांनी वाचता येत होती, काच येत नव्हती. २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर स्क्रीन वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आलं आणि चित्र पालटलं. बोट सरकवलं की त्याखालचं अक्षर ऐकू येतं, हवं ते अक्षर ऐकल्यावरच ते टाकायचं. काचेवर जी चाचपण्याची पायरी नव्हती, ती आवाजाने परत आणली गेली. मग २०१४ मध्ये आयओएस ८ मध्ये आणि २०२० मध्ये अँड्रॉइडच्या टॉकबॅक या तशाच सोयीमध्ये स्क्रीनवरच ब्रेल लिहिण्याची सोय आली. फोन आडवा धरून बोटं काचेवर ठेवायची आणि सहा ठिपक्यांच्या ब्रेलमध्ये लिहायचं. सरावलेली माणसं त्यावर ज्या वेगाने लिहितात ते बघितल्यावर बटणं विरुद्ध काच ही मांडणीच अपुरी वाटू लागते. कंप असलेल्या हातांचं मात्र वेगळं आहे. नकळत झालेला स्पर्श काचेवर लगेच अक्षर होतो. अशा व्यक्तीला थोडा जोर लागणारी बटणं खरोखर मदत करतात. फोनच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये स्पर्श काही काळ टिकल्याशिवाय मोजू नये अशी व्यवस्था असते, तीही जरूर चालू करून बघा.

मग तुम्ही काय करावं? पैसे खर्च करण्याआधी आहे तो कीबोर्ड नीट लावून घ्या. अँड्रॉइडवर जीबोर्ड किंवा स्विफ्टकी हे कीबोर्ड वापरत असाल तर कीबोर्डची उंची वाढवा. उभ्या दिशेच्या चुका यामुळे लगेच कमी होतात आणि हा बदल फार कमी लोक करतात. ज्या नावांमुळे वैताग येतो ती वैयक्तिक शब्दकोशात घाला, फोनबुकमधली नावं सुचवण्याची परवानगी द्या. आयफोनवर सूचनांच्या पट्टीत अवतरणचिन्हांत दिसणारा शब्द म्हणजे तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं. दुरुस्ती होण्याआधी त्यावर टेकलं की ते तसंच राहतं. मजकुराच्या मधली चूक दुरुस्त करायला अक्षरांवर बोट टोचत बसू नका. आयफोनवर स्पेसबार दाबून धरा आणि बोट फिरवा, जीबोर्डवर स्पेसबारवर बोट आडवं सरकवा, कर्सर सोबत चालतो. ही एक गोष्ट अंगवळणी पडली तरी निम्मा वैताग जाईल, असं मी खात्रीने सांगू शकते.

आणि टाइप करताना प्रत्येक अक्षरानंतर थांबून तपासू नका. भरभर लिहिताना दुसरा अंगठा टेकतो तेव्हा पहिला अजून उचललेला नसतो, हे कीबोर्डला ठाऊक असतं. दुसरा टेकताच तो पहिलं अक्षर पक्कं करतो. दुरुस्तीही पूर्ण शब्दावर चालते. मधेच मागे जाऊन एकेक अक्षर खोडणाऱ्याला हे सॉफ्टवेअर मदत करू शकत नाही. शब्द पूर्ण करा, मग बघा.

एवढं करूनही समाधान झालं नाही, तर तुम्ही काय लिहिता ते बघा. निरोप, शुभेच्छा, छोटे ईमेल, शोध यांसाठी स्क्रीन पुरेशी आहे आणि इथे बटणांवर खर्च करणं मला पटत नाही. दोन पानांहून मोठं लिखाण वारंवार करत असाल तर घडीचा किंवा पूर्ण आकाराचा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या, फोन स्टँडवर उभा करा. दहाही बोटं वापरता येतात आणि स्क्रीनवरच्या कीबोर्डने व्यापलेली साधारण एक तृतीयांश जागा मजकुराला परत मिळते. सर्व्हरवर आज्ञा देणारे, कोड लिहिणारे, आकडे आणि खाते क्रमांक भरणारे लोक मात्र बटणांचे खरे गिऱ्हाईक. त्यांच्या मजकुरात अंदाज करण्यासारखं काही नसतं आणि एक अक्षर चुकलं तर काम चुकतं. आज्ञा टाइप करण्यासाठीच्या टर्मक्ससारख्या अ‍ॅपने एस्केप, कंट्रोल, टॅब यांची वेगळी पट्टी स्क्रीनवर दिली आहे, पण कंट्रोल दाबून धरून दुसरं बटण दाबणं काचेवर कधीच सहज होत नाही.

बटणांचा फोनच घ्यायचा ठरला, तर पर्याय मोजके आहेत. ब्लॅकबेरीच्या नावाचे शेवटचे बटणांचे फोन, की२ आणि की२ एलई, २०१८ चे आहेत आणि ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीवरच्या फोनांच्या सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ रोजी थांबवल्या. जुना फोन हौसेने विकत घेऊन रोजच्या कामाला आणि बँकेच्या अ‍ॅपला वापरू नका, सुरक्षेचे अपडेट बंद झालेले असतात. नव्यांमध्ये युनिहर्ट्झची टायटन मालिका आहे, आणि २०२४ मध्ये आयफोनसाठी क्लिक्स नावाचं बटणं असलेलं कव्हर आलं. कव्हरचा फायदा असा की फोन तुमचाच राहतो, तोटा असा की फोन खूप लांब होतो आणि वजन वरच्या बाजूला झुकतं. अंगठे तळाशी आणि वजन वर, हे अर्धा तास धरून बघितल्याशिवाय कळत नाही.

खरेदीआधी तीन गोष्टी तपासा. आकडे टाकायला प्रत्येक वेळी दुसरं बटण धरावं लागतं का. तुमच्या लिपीची मांडणी फोनच्या बाहेरच्या कीबोर्डसाठीच्या सेटिंगमध्ये आहे का, कारण स्क्रीनवरच्या यादीत मराठी दिसली म्हणून तिथेही असेल असं नाही. आणि बटणांवरून लिहिताना सूचना व दुरुस्ती चालते का, कारण अनेक ठिकाणी ती आपोआप बंद होते. शक्य झालं तर दुकानात मजेशीर वाक्यं लिहून बघू नका. तुमच्या रोजच्या कामातला एक खराखुरा मेसेज लिहा, त्यात दोन नावं, एक फोन क्रमांक आणि एक पत्ता असू द्या. आधी स्वतःच्या फोनवर, मग बटणांवर. किती वेळा मागे जाऊन खोडावं लागलं ते मोजा.